पान्ह्याचे द्रव्य आणि स्वमग्न मूल



पान्हा म्हणजे काय, हे मी तुम्हाला समजावून सांगावे असे नाही. ज्या घरात दोन वेळा धार काढतात, तिथे हा शब्द रोजचाच. वासरू कासेला लागले की गाय पान्हवते. नवा माणूस धारेला बसला, की म्हैस पान्हा चोरते. आणि गोठ्यातला हाच शब्द आपण घरातल्या आईसाठीही वापरतो. पाळण्यातले लेकरू रडले, की आईला पान्हा फुटतो. दूध आणि माया या दोन्हींना आपल्या भाषेने एकच शब्द दिला आहे.

भाषेची ही जुनी समजूत विसाव्या शतकातल्या शरीरशास्त्राने बऱ्याच अंशी खरी ठरवली. पान्ह्यामागे शरीरात एक द्रव्य काम करते, त्याचे नाव ऑक्सिटोसिन. एकविसाव्या शतकात हेच द्रव्य औषध म्हणून ऑटिझम असलेल्या, म्हणजे आपण ज्यांना स्वमग्न म्हणतो त्या मुलांना देऊन पाहण्यात आले. मूल माणसांत मिसळेल, बिथरणे कमी होईल, जिवाची घालमेल थांबेल, अशी आशा त्यामागे होती. त्या आशेचे पुढे काय झाले, आणि तोपर्यंत आपण आपल्या घरी नि शाळेत काय करू शकतो, एवढे आज सांगायचे आहे.

गोष्टीची सुरुवात लंडनला होते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. मराठीत तिला पीयूषिका म्हणतात. १९०६ साली हेन्री डेल या शास्त्रज्ञाने दाखवले, की या ग्रंथीच्या मागल्या भागाचा अर्क टोचला तर मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते. तीन वर्षांनी, १९०९ मध्ये, असाच अर्क बाळंतिणींसाठी वापरात आला. १९१० साली अमेरिकेत ऑट आणि स्कॉट या दोघांनी तो शेळीला टोचला, तेव्हा तिचे दूध एकदम वाहू लागले. म्हणजे बाळ बाहेर येण्याची कळ आणि बाळासाठी दूध उतरणे, ही दोन्ही कामे एकाच द्रव्याची! ऑक्सिटोसिन या ग्रीक नावाचा अर्थही ‘लवकर प्रसूती’ असाच आहे.

हे द्रव्य नेमके कशाचे बनले आहे, हे मात्र १९५३ साली कळले. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट दु व्हिन्यो या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की ती नऊ अमिनो आम्लांची एक लहानशी साखळी आहे. डाळीत नि दुधात जी प्रथिने असतात, त्यांचेच हे धाकटे भावंड म्हणा. त्याने ते प्रयोगशाळेत बनवूनही दाखवले, आणि १९५५ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आता ग्रंथी गोळा करायची गरज उरली नाही. हवे तेवढे द्रव्य बनवता येऊ लागले. बाळंतपणात रक्तस्राव थांबत नसेल, तर याच औषधाने कितीतरी आयांचे प्राण वाचतात. तुमच्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही ते असते.

पण औषध स्वस्त आणि सोपे झाले की त्याचा गैरवापरही होतो. म्हैस पान्हा चोरते ना? मग टोच सुई! असा धंदा अनेक गोठ्यांतून सुरू झाला. त्याही आधी काही ठिकाणी जनावराच्या योनिमार्गात हवा फुंकून दूध काढण्याची क्रूर चाल होती. तिला फुका म्हणत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने फुका आणि दूध वाढवण्यासाठी टोचलेले इंजेक्शन, दोन्ही गुन्हा ठरवले. गोठ्यातला गैरवापर थांबत नाही म्हणून २०१८ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने हे औषध खासगी कारखान्यांनी देशात विकण्यासाठी बनवू नये असा हुकूम काढला. पण मग बाळंतिणींना औषध पुरेल का, असा प्रश्न उभा राहिला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला, आणि पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

आता जरा मागे जाऊ. कारण आपल्या विषयाचे मर्म १९४१ सालच्या एका गोठ्यात आहे. अमेरिकेत मिनेसोटा येथे एली आणि पीटरसन या दोघांनी धारेच्या वेळी गाईला मुद्दाम घाबरवले. कागदी पिशव्या फुगवून तिच्याजवळ फोडल्या, मांजर पाठीवर ठेवले. काय झाले असेल, ते तुम्ही आधीच ओळखले असेल. गाईने पान्हा घातला नाही. कासेत दूध होते, पण ते उतरेना. भीतीने शरीरात अॅड्रेनलिन नावाचे दुसरे द्रव्य सुटते, आणि ते पान्ह्याच्या आड येते. आपल्याकडची जुनी माणसे धारेच्या वेळी गोठ्यात ओरडू देत नसत, आंबोण पुढे ठेवत, पाठीवरून हात फिरवत, ते उगाच नव्हे. भीती आणि पान्हा एका गोठ्यात नांदत नाहीत, हे त्यांना शास्त्राच्या आधीपासून ठाऊक होते.

भीतीच्या या बाजूचाही अभ्यास त्याच सुमारास चालला होता. १९३६ साली कॅनडात हान्स सेल्ये यांनी दाखवले, की थंडी, जखम, विष, अतिश्रम, काहीही असो, शरीर त्यांना एका ठराविक पद्धतीने तोंड देते. पुढे याला ‘ताण’ हे नाव पडले. ताणाच्या वेळी मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या दोन लहान ग्रंथी कॉर्टिसोल हे द्रव्य सोडतात. छाती धडधडते, अंग ताठते, माणूस पळायला किंवा भांडायला सिद्ध होतो. संकट टळले की हे सारे ओसरायला हवे. ओसरले नाही, तर माणूस सतत धास्तावलेला राहतो.

मग शास्त्रज्ञांच्या मनात आले, की ऑक्सिटोसिन दुधाबरोबर मायाही उतरवत असेल का? १९७९ साली अमेरिकेत पेडरसन आणि प्रांज यांनी पिल्ले न झालेल्या उंदरीच्या मेंदूत ते सोडले, तर ती दुसऱ्याची पिल्ले सांभाळू लागली. १९८७ मध्ये इंग्लंडात केन्ड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढीच्या बाबतीत तसेच दाखवले. २००३ साली स्वित्झर्लंडमध्ये झुरिच येथे सदतीस धडधाकट पुरुषांना परक्या परीक्षकांपुढे भाषण करायला आणि तोंडी हिशेब करायला लावले. काहींच्या नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा मारला होता, काहींच्या नाही. काहींबरोबर जिवलग मित्र होता, काही एकटेच होते. ज्यांना फवाराही मिळाला नि मित्रही, त्यांच्या लाळेतले कॉर्टिसोल सर्वांत कमी निघाले. ध्यानात घ्या, एकट्या औषधाची ही कमाल नव्हती. मित्र सोबत होता.

हे द्रव्य नाकावाटे का देतात, असा प्रश्न पडला असेल. पोटात घेतले, तर डाळीसारखे पचून जाते. म्हणून फवारा.

इथवर द्रव्याची गोष्ट झाली. आता मुलाकडे वळू. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर या डॉक्टरने अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. हाक मारली तरी वळत नाहीत, नजरेला नजर देत नाहीत, एकच गोष्ट पुन्हापुन्हा करतात, रोजच्या क्रमात थोडा बदल झाला तरी आकांत करतात. दुसऱ्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अॅस्पर्गर यांनी अशाच स्वभावाच्या, पण बोलक्या मुलांबद्दल लिहिले. मुले नवी नव्हती. नाव नवे होते. आपल्या गावांतही ती पूर्वीपासून होती. कुणी त्यांना वेडे म्हणे, कुणी मुके, कुणी बाधा झालेली. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा, की २०२१ साली जगात १२७ माणसांमागे एकाला ऑटिझम होता. मग आपल्या पंचक्रोशीत असे मूल नाहीच, असे कोण म्हणेल?

यानंतर एक मोठा अन्याय घडला. तो इतिहास सांगितल्याशिवाय आजची गोष्ट पुरी व्हायची नाही. अनेक वर्षे डॉक्टरांनी सांगितले, की हा आईचा दोष आहे. आई थंड आहे, तिने लळा लावला नाही, म्हणून मूल आपल्यातच मिटले. कितीतरी आया हा कलंक घेऊन जगल्या. १९६४ साली अमेरिकेत बर्नार्ड रिमलँड यांनी, जे स्वतः अशा मुलाचे वडील होते, पुस्तक लिहून हे मत खोडून काढले. १९७७ मध्ये इंग्लंडात जुळ्या भावंडांचा अभ्यास झाला आणि दिसले, की ऑटिझमचा मोठा भाग आनुवंशिक आहे. मेंदूची घडणच निराळी असते. आईच्या मायेत काही कमी नसते.

तेच १९६४ साल पुण्याच्याही ध्यानात राहण्याजोगे आहे. त्या वर्षी इथे मतिमंद मुलांसाठी ‘कामायनी’ ही संस्था निघाली. तेव्हा ऑटिझम हा शब्द आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नव्हता. बोलत नाही, शिकत नाही, अशा सगळ्या मुलांना एकाच नावाखाली घेतले जाई. पुढे शहाणपण वाढले, भेद कळू लागले. आज पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटरसारख्या ऑटिझमसाठीच काम करणाऱ्या संस्था आहेत, रास्ता पेठेतल्या के.ई.एम. रुग्णालयात बालविकास केंद्र आहे. कायदाही सावकाश बदलला. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत त्याला जागा दिली.

आता औषधाची आणि मुलाची गाठ कशी पडली ते पाहू. १९९८ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात ऑटिझम असलेल्या मुलांच्या रक्तात ऑक्सिटोसिन इतर मुलांपेक्षा कमी आढळले. दुसरीकडे असेही दिसू लागले होते, की यांतल्या काही मुलांचे कॉर्टिसोल साध्या प्रसंगीही फार वर चढते आणि खाली यायला वेळ घेते. तर्क सरळ होता. जे कमी आहे ते द्या, म्हणजे भीती उतरेल, ओढ वाढेल. २००३ मध्ये पंधरा मोठ्या माणसांना शिरेतून औषध दिले, तेव्हा त्यांच्या ठराविक कृती पुन्हापुन्हा करण्याचे प्रमाण घटले. पुढे लहान लहान प्रयोगांतून आशादायक बातम्या येत राहिल्या. वर्तमानपत्रांनी त्याला ‘प्रेमाचे द्रव्य’ असे नाव देऊन टाकले. आईबापांच्या जिवाला केवढी आशा वाटली असेल, याचा विचार करा.

पण दहा-पंधरा माणसांवरून औषध ठरत नाही. त्यासाठी मोठी परीक्षा लागते. अर्ध्या मुलांना खरा फवारा, अर्ध्यांना तसाच दिसणारा पण औषध नसलेला, आणि कुणाला कुठला हे ना आईबापांना माहीत ना डॉक्टरांना. अशी परीक्षा अमेरिकेत झाली आणि तिचा निकाल २०२१ साली आला. तीन ते सतरा वर्षांची २९० मुले, चोवीस आठवडे. निकाल काय? माणसांत मिसळण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक नाही. २०२३ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूवन विद्यापीठाने आठ ते बारा वर्षांच्या ऐंशी मुलांना चार आठवडे औषध देऊन पाहिले. तिथेही एकट्या फवाऱ्याचा सरस गुण दिसला नाही.

मग सगळे मुसळ केरात गेले का? तसेही नाही. काही मुलांना, काही वेळी, शिकवणीच्या जोडीला उपयोग होईल का, ताण मोजून काही कळेल का, हे शोध चालूच आहेत. पण आज उद्या कुणी तुम्हाला म्हणाले, की हा फवारा घ्या नि तुमचे मूल बोलू लागेल, तर पैशाच्या पिशवीचे तोंड बांधून ठेवा. आपल्या देशात ऑटिझमवरचे औषध म्हणून त्याला मान्यता नाही. आणि गोठ्यातली बाटली मुलाच्या जवळपासही नेऊ नका.

याच्याच शेजारी दुसरा एक प्रयोग ठेवतो. तो झाला आपल्या शेजारी गोव्यात, आणि त्याच वेळी पाकिस्तानात रावळपिंडीला. निकाल २०१६ साली प्रसिद्ध झाला. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने तो केला. दोन ते नऊ वर्षांची एकूण पासष्ट मुले होती. औषध काहीच नव्हते. डॉक्टरही घरी जात नव्हते. थोडे शिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते सहा महिन्यांत बारा वेळा कुटुंबाला भेटले. आई किंवा बाप मुलाशी खेळतात त्याचे चित्रण करायचे, मग ते दोघांनी मिळून पाहायचे. इथे मुलाने काहीतरी सांगितले आणि आपल्या नजरेतून ते निसटले, तिथे आपण घाई केली, इथे थांबलो तेव्हा ते आपल्याकडे वळले, असे शोधायचे. एवढ्याने आईबाप मुलाच्या कलाने घेऊ लागले आणि मुले आपणहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. सगळ्याच मापांत सुधारणा झाली असे नाही. दोघांनी मिळून एका गोष्टीत रमण्याचा वेळ उलट थोडा घटला. पण साध्या माणसांच्या हातून, घरातल्या घरात, हे घडले.

मूल म्हणजे गाय नव्हे, हे मला माहीत आहे. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. ओढ ही ओढून येत नाही. आधी भीती उतरावी लागते.

आपल्या मुलांची भीती कशात असते? पुण्यातलेच उदाहरण घ्या. गणपतीच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशे घुमतात. आपल्याला स्फुरण चढते. ज्या मुलाला आवाज अंगावर येतो, त्याला तोच ढोल कानशिलात मारल्यासारखा लागतो. स्वारगेटच्या एसटी स्थानकावरची गर्दी, जत्रेतले भोंगे, दिवाळीचे फटाके, लग्नातला बँड, सगळे तसेच. मग मूल किंचाळते, जमिनीवर लोळण घेते, स्वतःला चावते. लोक म्हणतात, फार लाडावलेय, दोन ठेवून द्या. पण तो हट्ट नव्हे. हट्टी मूल आपल्याकडे कोण बघते आहे ते पाहते. बिथरलेल्या मुलाला तेवढेही भान नसते. त्याला मारले तर भीतीवर भीती चढते.

तेव्हा करायचे काय? काही साध्या गोष्टी सांगतो. आवाजाच्या जागी न्यायचेच असेल तर कान झाकायला काही द्या, आणि लवकर परत फिरा. दिवसाचा क्रम शक्यतो एकच ठेवा. बदल होणार असेल तर आदल्या दिवशी सांगा, शब्द कळत नसतील तर चित्र काढून दाखवा. मूल बिथरले की जास्त बोलू नका, शांत जागी न्या, ओसरू द्या. ज्या गोष्टीत ते रमते, मग ती फिरणारे चाक असो की पाण्याची धार, तिथे तुम्ही त्याच्याशेजारी जाऊन बसा. त्याला आपल्याकडे ओढण्याआधी आपण त्याच्याकडे जाऊ या.

गुरुजनांना वेगळे सांगतो. वर्गात असे मूल असेल तर त्याची जागा रोज बदलू नका. घंटेजवळ बसवू नका. एका वेळी एकच सूचना द्या. वर्गातल्या दुसऱ्या मुलांना त्याला चिडवू देऊ नका, उलट एखादा समजूतदार सोबती जोडून द्या. झुरिचचा तो मित्र आठवतो ना? फवारा आपल्याकडे नाही, पण मित्र प्रत्येक शाळेत आहे.

आणि उशीर करू नका. दीड-दोन वर्षांचे मूल हाकेला वळत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, येत असलेले शब्द गेले असतील, तर ‘याचा बापही उशिराच बोलला’ म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात पालघरला सुरू झाला. त्यातले वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासायला येते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. ‘पाहुण्यांसमोर नको’ म्हणून जे मूल आतल्या खोलीत राहते, त्याचीच तपासणी राहून जाते. पथक पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवते, आणि तिथून बोलण्याचे, वागण्याचे शिक्षण सुरू होऊ शकते.

शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. सुनेला दोष देऊ नका. तिचे दूध कमी पडले म्हणून नाही, तिची माया कमी पडली म्हणून नाही, ग्रहणात भाजी चिरली म्हणूनही नाही. १९४३ पासून जगाने हा दोष आयांच्या माथी मारून पाहिला आणि तो खोटा ठरला. ज्या आईला दिवसभर बोल लावले जातात, तिच्याही अंगात ताणाचे तेच द्रव्य चढत असते. तिला दुपारी तासभर झोप मिळू द्या. तेवढा वेळ नातवाशेजारी तुम्ही बसा. तो बोलणार नाही कदाचित. बसा तरी.